लोणी नाकारणारा कुत्रा

"कुत्र्यासाठी आणलेलं मटण ही स्वयंपाकाची बया घरी नेते. तुम्ही पुरावा द्या, आजच तिला पोलिसांत देते!" दार उघडताच मालकीणबाई कडाडल्या.

वहिनी गुप्तहेर होत्या, असल्या स्वागताला सरावलेल्या. त्यांची पिशवी सांभाळत मागून आलेले भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, मात्र दारातच थबकले.

जेवणाच्या टेबलाखाली कुत्रा उभा होता. महिन्याभरात त्याच्या बरगड्या वर आल्या होत्या. जनावरांच्या डॉक्टरांना ना रोग सापडला होता, ना जंत.

स्वयंपाकाच्या मावशींचे डोळे रडून सुजले होते. "चोर म्हणून बाहेर पडले तर दुसऱ्या घरात उभं तरी करतील का मला? भांडं भरून घालते. चाटूनपुसून खातो आणि वर भुकेला तो भुकेलाच. लोण्यासाठी जीव टाकायचा, आता हुंगून तोंड फिरवतो. कोरडा पाव तेवढा हिसकावून घेतो."

"त्याची गादी ओली कशानं?" वहिनींनी विचारलं.

"रोज धुते. तेलकट डाग पडतात, वास मारतो."

मालकीणबाईंच्या नणंदबाईंनी नाक मुरडलं. "मरेना का! माझ्या चपला फाडल्यात त्यानं."

"हिच्या तोंडात कायम विष," मालकीणबाई फणकारल्या.

मालक खुर्चीत मावत नव्हते. पावावर बोटभर लोणी थापत ते म्हणाले, "मावशीच चोर. हाकला."

"जेवताना समोर उभी राहून वजन उतरायची गोळी देते यांना," मालकीणबाई म्हणाल्या. "तरी काटा वरच!"

"पोटाचा काही त्रास?" वहिनींनी मालकांना विचारलं.

"छे! दगड पचवीन."

"प्रकृती झकास आहे," भाऊजी कौतुकानं म्हणाले.

"तिथंच तर गोम आहे, भाऊजी. ही गोळी खाल्लेलं लोणी-तूप अंगी लागू देत नाही. ते तसंच खाली उतरतं. गोळी घेऊन लोण्यावर ताव मारला की मुरडा येतो, कपड्यांना तेलकट डाग पडतात. मालक ठणठणीत. मग डाग कोणाचे?"

भाऊजी टेबलाखाली वाकले. "कुत्र्याचे?"

"खातो, पण चरबी अंगी लागत नाही, म्हणून भूक भागत नाही. लोण्यानं पोट दुखतं हे त्याला कळलं. त्यानं लोणी सोडलं, पाव धरला. नणंदबाईंनी रागानं डबीतून गोळ्या चोरून त्याला घातल्या असत्या, तर उरलेल्या गोळ्यांनी मालकांचं वजन थोडं तरी उतरलं असतं. म्हणजे मालकांनी एकही गिळली नाही. गोळी गालात धरायची आणि बायकोची पाठ फिरली की पावात दाबून खाली सोडायची. हो ना, मालक?"

मालकांचा घास हातातच राहिला. "हिनं डोकं खाल्लं होतं माझं! कुत्रं तर आहे!"

"आणि मी?" मावशींनी विचारलं.

मालकीणबाई नवऱ्याकडे जळजळीत नजरेनं बघत म्हणाल्या, "झालं ते झालं. मावशी, जेवण वाढा."

"तुम्ही मला चोर म्हणालात ते सगळ्या इमारतीनं ऐकलंय, बाई. आता हेही ऐकू दे."

मालकीणबाईंनी नवऱ्याला दंडाला धरून उठवलं आणि दाराबाहेर लोटलं. जिन्यात शेजारी जमलेच होते.

"मावशींनी काही चोरलं नाही," मालक पुटपुटले.

"मोठ्यानं," मावशी म्हणाल्या.