दीड वाजताचा बॅकअप

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल सोडून द्यावं. मला कुणाच्या गळी काही उतरवायचं नाही. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

मार्च १९९९. संगमनेर. बस स्टँडच्या मागचं आमचं भाड्याचं घर.

आणि रात्र नाही. रणरणती दुपार. दीडची.

मी महेंद्र. तेव्हा कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो. घरात आई आणि धाकटी बहीण यशोधरा. ती वनस्पतीशास्त्रात पीएचडी करत होती. अकोले तालुक्यातल्या डोंगरांत पाच वर्षं पायपीट करून जमवलेलं सगळं तिनं नऊ प्रकरणांत टाइप केलं होतं. आईनं देवळाली प्रवरेला ऊस तोडून आम्हाला शिकवलं होतं. घरातली पहिली डॉक्टर ही होणार होती. ३१ मार्चला प्रबंध पुण्यात जमा करायचा, नाहीतर नोंदणी रद्द. प्रिंटसुद्धा तिकडेच एकदम काढायची होती.

म्हणजे पाच वर्षांचं सगळं काम एकाच हार्ड डिस्कवर.

आणि ती डिस्क मधूनच खर्र... खर्र... करायला लागली होती.

कॉम्प्युटर आमचा नव्हता. शामकांत सरांचा. सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स बसवलं होतं. मला त्यातलं जे काही येतं ते त्यांच्यामुळेच. सप्टेंबर ९८ मध्ये सर गेले. हार्ट अटॅक. दिवाळीत त्यांच्या पत्नी नीलांबरी काकूंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "महेंद्र, हा तू घेऊन जा. धूळ खात पडलाय. त्यांना तुझा फार भरवसा होता."

सोबत त्यांचा फ्लॉप्यांचा पत्र्याचा डबाही दिला. रिकामा. मी तो कपाटावर टाकून दिला.

आता काम साधं होतं. बॅकअपचं एखादं सोपं सॉफ्टवेअर निवडायचं आणि प्रबंध फ्लॉप्यांवर उतरवून ठेवायचा. बस.

कसलं बस. डोक्याला नुसता ताप.

मासिकाच्या त्या सीडीवर सहा-सात सॉफ्टवेअर होती. पहिलं उघडलं, तर ते टेप ड्राइव्ह मागायला लागलं. संगमनेरात टेप म्हणजे कव्वालीची. दुसरं बसवायला गेलो तर त्याला भलतीच एक फाइल हवी. ती शोधून दिली तर तिला आणखी दुसरी हवी. दोन दिवस त्यातच गेले. तिसऱ्याला छान खिडक्या होत्या, बटणं होती. त्यानं ऐटीत सांगितलं, बॅकअप पूर्ण. फ्लॉपी उघडून बघितली. फाइलींची नावं सगळी, आत शून्य.

"दादा, सर करायचे तसं का नाही करत?" यशोधरा म्हणाली.

"ती जुनी पद्धत आहे," मी खेकसलो. "तू तुझं टाइप कर."

सरांची पद्धत अगदी सोपी होती. रोज दुपारच्या सुट्टीत, दीडला. फ्लॉपी टेबलाच्या कडेवर दोनदा आपटायची. टक... टक... धूळ जावी म्हणून. मग टार नावाची, फाइली एकत्र बांधून उतरवणारी एक ओळीची कमांड. मग हिरव्या शाईनं लेबल. त्यावर दोन रकाने. "घेतला" आणि "तपासला". घेणारा एक, तपासणारा दुसरा. आपली चूक आपल्याला दिसत नाही, असं ते म्हणायचे.

घेणारे सर. तपासणारा मी.

मला ती पद्धत नको होती. का, ते सांगतो पुढे.

१६ मार्च. मंगळवार. मी जेवायला घरी आलो होतो. यशोधरा लायब्ररीत. आई पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होती. कॉम्प्युटर मागच्या खोलीत, बंद.

टक... टक...

आईनं मान वर केली. "कोन हाय रं आत? टेबल कोन ठोकतंय?"

मी आत गेलो. कुणी नव्हतं.

घर्र... खट... घर्र...

फ्लॉपी ड्राइव्ह चालू होता. बारका हिरवा दिवा लागलेला. मी बटण दाबून बघितलं. आत फ्लॉपीच नव्हती.

मग मला सुचलं, लाइट बघावी. पंखा बंद होता. फ्रिज बंद होता. लाइट अकरालाच गेली होती...

दिवा विझला. मी तिथंच खुर्चीवर बसलो.

आईला म्हणालो, उंदीर असेल. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. बरोबर दीडला. तिसऱ्या दिवशीही. मी ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या कमांडची यादी उघडून बघितली. कोरी. ड्राइव्हची वायर काढून ठेवली. तरी घर्र... खट...

आणि आणखी एक. दहा कोऱ्या फ्लॉप्यांचं नवं पाकीट आणलं होतं. त्यातली, रविवार सोडून, रोज एक कमी व्हायला लागली.

"तू घेतलीस का?" मी यशोधराला विचारलं.

"मी कशाला घेऊ? तूच कुठंतरी टाकतोस आणि माझ्यावर काय ओरडतोस? दहा दिवस झाले, दादा, तुझ्याच्यानं एक सॉफ्टवेअर ठरत नाही."

तिचं खरं होतं. म्हणून मी जास्तच ओरडलो. त्या दिवशी ती जेवली नाही.

सातवी फ्लॉपी गेली. आठवी गेली. चौथं सॉफ्टवेअर मध्येच लटकायचं. पाचवं माहितीपत्रकात म्हणायचं, अगदी सोपं. त्याचं माहितीपत्रकच चाळीस पानांचं.

२५ मार्च. गुरुवार. सकाळभर यशोधरानं शेवटच्या प्रकरणात दोन परिच्छेद घातले. दीडला आतून टक टक झालं, तेव्हा आम्ही तिघं जेवत होतो. कुणीच कुणाकडे बघितलं नाही. उठून बघितलं, तर पाकिटात एकच फ्लॉपी उरली होती.

पावणेतीनला लाइट गेली. पाच मिनिटांनी आली.

डिस्क मात्र आली नाही.

खट... खट... खट... आणि मग काहीच नाही. स्क्रीनवर एक ओळ, डिस्क सापडत नाही म्हणून.

यशोधरा रडली नाही. तिनं कीबोर्डवर फडकं टाकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. "आता आईला सांगायचं कोणी?" एवढंच म्हणाली.

आई दारातच उभी होती.

माझ्या मनात नुसता राग होता. सीडीवर, लाइटवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. उठून ती सीडी फेकून द्यायला निघालो. कपाटाला धक्का लागला आणि वरून तो पत्र्याचा डबा खाली आला.

रिकामा डबा. पण आवाज रिकाम्या डब्याचा नव्हता.

उघडला.

आत फ्लॉप्या होत्या. नऊ.

लेबलं हिरव्या शाईत. सात आकड्याला मध्ये काट मारलेली, सर मारायचे तशी. प्रकरण १, तारीख १६. प्रकरण २, तारीख १७. अशा नवापर्यंत. शेवटची तारीख २५ मार्च ९९. त्याच दिवसाची.

सर जाऊन सहा महिने झाले होते.

प्रत्येकीवर, घेतला : शा.

आणि तपासला... कोरा.

आता ते सांगतो, जे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नीलांबरी काकूंनाही नाही.

सरांनी अकरा वर्षं आसपासच्या गावांमधल्या विहिरी मोजल्या होत्या. दर महिन्याला सायकलवर जाऊन, दोरी सोडून, पाणी किती खाली आहे त्याची नोंद. तीनशेवर विहिरी. ते सगळं याच कॉम्प्युटरवर होतं. रोज दीडला ते बॅकअप घ्यायचे आणि लॅबमध्ये माझ्या टेबलावर फ्लॉपी ठेवून जायचे.

मी कंटाळलो होतो. एका सोमवारी मी कोऱ्या लेबलांचा अख्खा गठ्ठा घेतला आणि सगळ्यांवर आधीच सही करून ठेवली. तपासला : म. लॅबच्या रजिस्टरमध्ये आम्ही सगळेच आठवड्याच्या सह्या सोमवारी मारायचो. त्यात काय एवढं.

मार्च ९८ मध्ये सरांची डिस्क गेली. फ्लॉप्या काढल्या. एकही वाचता येईना. ड्राइव्हच बिघडला होता, कित्येक महिने. एकदा एक फ्लॉपी उघडली असती तरी कळलं असतं.

सर मला एक शब्द बोलले नाहीत. ड्राइव्ह बदलला, डिस्क नवी बसवली, फ्लॉप्या माझ्या हातात दिल्या आणि "टाकून दे" म्हणाले. नव्या ड्राइव्हमध्ये एकही घालून न बघता मी त्या लॅबच्या मागं जाळल्या. सहा महिन्यांनी ते गेले.

त्या दुपारी मी शेजारच्या सायबर कॅफेतला कॉम्प्युटर मागून घेतला. नऊच्या नऊ फ्लॉप्या उघडल्या. यशोधरा शेजारी बसून वाचत होती, मी एकेक पान पुढं सरकवत होतो. एकही ओळ गाळली नाही. सगळं होतं. सकाळचे दोन परिच्छेदसुद्धा. मग मी प्रत्येक लेबलावर सही केली.

प्रबंध तीस तारखेला जमा झाला. यशोधरा आज डॉक्टर यशोधरा आहे. तिला वाटतं, तो बॅकअप दादानं घेतला होता आणि दादाला ते आठवत नाही.

पण त्या संध्याकाळी घरी येऊन मी फ्लॉप्या परत डब्यात ठेवायला गेलो, तर...

डब्यात एक फ्लॉपी होती.

कोपरा जळून वितळलेला. लेबल पिवळं पडलेलं. "विहिरी". घेतला : शा.

तपासला : म.

ती मी आजपर्यंत ड्राइव्हमध्ये घातलेली नाही. दोनदा प्रवरा नदीत सोडून आलो. दोन्ही वेळा डब्यात परत. आता आमच्याकडे फ्लॉपी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटरही नाही. पण दुपारी दीडला घरात असलो की कपाटातून आवाज येतो. टक... टक... मग थांबतो, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा.

मला ठाऊक आहे सरांना काय हवंय. एकदा घालून बघायची. वाचता येते की नाही, तेवढं सांगायचं. माझ्याच्यानं होत नाही. वाचता आली तर मी ती अकरा वर्षं जाळली. नाही आली तर...

लेबलावरची सही माझीच आहे. आणि ती खोटी आहे.