सेकंदाचा दहावा भाग

आवाज झाल्यानंतर धावायला लागलेली मुलगी 'आवाजाच्या आधी धावली' म्हणून शर्यतीतून बाद होऊ शकते का? उर्वी बोरस्तेला त्या दिवशी सकाळी कुणी हे विचारलं असतं तर ती हसली असती. दुपारी तिला हसू येत नव्हतं, आणि प्रश्नही सुटत नव्हता.

सिन्नरच्या क्रीडासंकुलात शालेय मैदानी स्पर्धा चालू होत्या. उर्वी शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत उतरली होती. या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पहिल्या येणाऱ्या मुलीची राज्याच्या प्रशिक्षण शिबिरासाठी निवड होणार होती. उर्वीची आई चंद्रावरच्या वसाहतीत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांवर अभियंता होती. लेकीची शर्यत थेट बघता यावी म्हणून तिने सहकाऱ्याशी पाळी बदलून घेतली होती.

शर्यत सोडायचं काम इशारा नावाच्या यंत्रमानवाकडे होतं. "जागेवर," तो म्हणाला. मुलींनी ब्लॉकवर (धावायला सुरुवात करताना पाय टेकवायचा तिरपा आधार) पाय रोवले. "तयार," म्हटल्यावर सगळ्यांच्या कमरा वर गेल्या. मग ठो आवाज झाला आणि उर्वी सुटली. इतकी छान सुरुवात तिला सरावातही कधी जमली नव्हती. पण लगेच दुसरा आवाज झाला. तो शर्यत थांबवण्याचा होता. सगळ्या मुली मागे वळल्या. लाल दिवा लागला होता तो उर्वीच्या ब्लॉकमागे.

तिच्या शाळेच्या देवरे मॅडम पंचांकडे दाद मागायला गेल्या. पंचांनी त्यांना उर्वीच्या ब्लॉकवरच्या दाबाची पडद्यावरची रेघ दाखवली आणि निर्णय कायम ठेवला. शर्यत पुन्हा सोडण्यात आली, उर्वीविना. तिच्याच शाळेची, तिच्याच बाकावर बसणारी रुखसार मनियार पहिली आली. सरावात रुखसार नेहमी उर्वीच्या मागे असायची. उर्वीने जाळीबाहेर उभं राहून टाळ्या वाजवल्या. रुखसारने जिंकल्यावर आधी तिच्याकडेच पाहिलं, पण तिला हसावं की नाही ते कळेना. उर्वीने मान फिरवली.

बाद झालेल्या खेळाडूला कारण समजावून सांगणं हे इशाराच्या कामातच धरलेलं होतं. उर्वी मैदानाकडेच्या पायऱ्यांवर जाऊन बसली होती. तो चाकांवर घरंगळत तिच्याजवळ आला आणि खालच्या पायरीशी थांबला.

"मी आवाज ऐकूनच निघाले," उर्वी त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"तू आवाजानंतर निघालीस, हे खरं आहे," इशारा म्हणाला. "पण फार थोडं नंतर."

हे तिला विचित्र वाटलं. नंतर म्हणजे नंतर, त्यात थोडं आणि जास्त काय? मग इशाराने तिला टप्प्याटप्प्याने सांगितलं. आवाज हवेतून कानापर्यंत येतो, त्याला वेळ लागतो. म्हणूनच प्रत्येक ब्लॉकमागे वेगळा ध्वनिक्षेपक बसवलेला असतो. नाहीतर जवळच्या पट्टीतल्या मुलीला आवाज आधी पोचला असता आणि लांबच्या मुलीला उशिरा. कानातून तो निरोप मेंदूकडे जातो. मेंदू ठरवतो की निघायचं. तिथून मज्जातंतूंमधून (मेंदूचे निरोप वाहून नेणारे शरीरातले बारीक धागे) हुकूम पाठीच्या कण्यातून खाली पायाच्या स्नायूंपर्यंत उतरतो, आणि मग स्नायू ब्लॉक दाबतात. या सगळ्याला मिळून जो वेळ लागतो त्याला प्रतिसादकाळ म्हणतात. माणसाला त्यासाठी निदान सेकंदाचा दहावा भाग तरी लागतोच, असं नियम करणाऱ्यांनी धरलं आहे. ब्लॉकवर त्याहून लवकर दाब आला, तर खेळाडूने आवाज ऐकला नसून अंदाज बांधला असं समजतात.

"म्हणजे मी लबाडी केली?"

"मी तसं म्हटलेलं नाही. तुझा दाब दहाव्या भागाच्या त्या रेषेच्या किंचित आत होता, म्हणजे जरासा लवकर. रेषेच्या आत एवढंच मला कळतं. तुझ्या मनात काय होतं ते कळत नाही."

उर्वीने आठवून पाहिलं. आपण ऐकलं होतं की अंदाज केला होता? आवाज आणि धाव तिच्या आठवणीत एकमेकांना इतके चिकटले होते की ते वेगळे करता येईनात. सकाळपासून ज्या गोष्टीची तिला खात्री होती, तीच आता हातातून निसटत होती. याचं वाईट तिला बाद होण्याहूनही जास्त वाटलं.

समोर लांब उडी चालू होती. एक मुलगी सुरेख उडाली आणि पंचाने लाल झेंडा वर केला. उर्वीने का म्हणून विचारलं. इशारा म्हणाला, तिचा पाय उडीच्या फळीच्या पुढे गेला. उडी फळीच्या पुढच्या कडेपासून वाळूतल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत मोजतात. पडताना हात मागे टेकला, तर उडी त्या हातापर्यंतच धरतात. शिवाय पाठीमागून जोराचा वारा असेल, तर ती उडी स्पर्धेत मोजली जाते, पण विक्रम म्हणून नाही. पलीकडे गोळाफेक होती. गोळा मानेशी टेकवून एकाच हाताने ढकलायचा, आणि तो जमिनीवर पडल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर यायचं. उंच उडीत एकाच पायावर जोर देऊन उडायचं, आणि लागोपाठ तीनदा आडवी दांडी पाडली की डाव संपला.

"सगळीकडे बाद करायचीच घाई," उर्वी म्हणाली.

इशाराने तिला चारशे मीटरच्या शर्यतीकडे बघायला सांगितलं. मुली एका रेषेत उभ्या नव्हत्या. बाहेरच्या पट्टीतली मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. उर्वीला हे ठाऊक होतं, पण त्यामागचं कारण तिने कधी विचारलं नव्हतं. वळणावर बाहेरच्या पट्टीचा घेर मोठा असतो, इशारा म्हणाला. सगळ्यांना एकाच रेषेवरून सोडलं, तर बाहेरच्या मुलीला जास्त धावावं लागेल. म्हणून जेवढं अंतर जास्त, तेवढं तिला पुढे उभं करतात. मैदानावरचे बहुतेक नियम याच कामाचे असतात. कुणाला वारा मदत करतो, कुणाला जागा, कुणाला नशीब. ही मदत बाजूला काढली की जे उरतं ते खेळाडूचं स्वतःचं. ओळखही नसलेल्या दोन मुलींची दोन वेगळ्या गावांतली कामगिरी मग शेजारी शेजारी ठेवता येते.

उर्वी वळणावरच्या त्या मुलींकडे बघत राहिली. तिला ते पटलं होतं, आणि पटल्यामुळे रागावायलाही कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या मनगटावरच्या पडद्यावर आईचा चेहरा आला. उर्वी म्हणाली, "आई, मी बाद झाले." उत्तर यायला जरा वेळ लागला. चंद्रावर निरोप प्रकाशाच्या वेगाने जातो, तरी जायला-यायला मिळून अडीच सेकंद लागतात. एरवी त्या थांब्याची तिला सवय होती. आज तो संपता संपेना.

"बघितलं गं," आई म्हणाली. "तू सुटलीस तेव्हा मी इथे उभी राहिले होते. पण मला दिसलं तोवर तिकडे तुझ्यामागे लाल दिवा लागलासुद्धा होता. मी नुसतीच आनंदात उभी." मग तिने उर्वीला जेवलीस का म्हणून विचारलं.

तिसऱ्या प्रहरी रिले होती, म्हणजे चौघींनी मिळून धावायची शर्यत. एका शर्यतीत चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झालेली खेळाडू दुसऱ्या शर्यतीत भाग घेऊ शकते. उर्वी पहिली धावणार होती, रुखसार शेवटची. देवरे मॅडमनी तिला विचारलं, क्रम बदलू का? पुन्हा ब्लॉकवरून सुरुवात तिलाच करायची होती. उर्वी नाही म्हणाली. या शर्यतीत पहिला येणारा संघही शिबिराला जाणार होता, आणि ती संधी तिला सोडायची नव्हती.

"तयार," इशारा म्हणाला. उर्वीने कंबर वर उचलली. आवाज झाला. खरंच झाला का? तिने स्वतःशी खात्री करून घेतली आणि मग निघाली. तोवर शेजारच्या पट्टीतल्या मुली पुढे गेल्या होत्या. तिने जिवाच्या आकांताने धावून बॅटन (हातोहात द्यायची पोकळ नळी) पुढच्या मुलीला दिलं, तेही आखून दिलेल्या पट्ट्यातच. शेवटी रुखसारने दोघींना मागे टाकलं. पण शेवटच्या रेषेवर छाती कुणाची आधी पोचते ते पाहतात, आणि दुसऱ्या शाळेच्या मुलीची छाती आधी पोचली. संघ दुसरा आला.

यावेळचा प्रतिसादकाळ इशाराला विचारायची उर्वीला गरज वाटली नाही. सकाळी ती फार लवकर निघाली होती आणि आता फार उशिरा. एकाच दिवशी दोन्हीकडून हरली होती ती. तिने तिघींना सांगितलं की माझ्यामुळे गेलं.

रुखसार म्हणाली, "सकाळी तू धावली असतीस तर मी दुसरी आले असते. मला सारखं तेच दिसतंय." आणि ती उर्वीच्या शेजारी खाली बसली.

रुखसार शिबिराला गेली. उर्वी शाळेत राहिली. एकटीने सराव करताना तिला कंटाळा यायचा, पण तिने तो सोडला नाही.

काही आठवड्यांनी इशाराचा निरोप आला. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मुलांचा प्रतिसादकाळ मोजत होते. दहाव्या भागाची ही रेषा बरोबर आहे का, हेच तिथे तपासायचं होतं, कारण शास्त्रज्ञांमध्येही त्यावर एकमत नव्हतं. इशाराने उर्वीचं नाव सुचवलं होतं. देवरे मॅडम तिला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टर सोनवणे बाईंनी तिला पुन्हा पुन्हा ब्लॉकवर उभं केलं. 'तयार' आणि आवाज यांच्यामधला वेळ त्या दरवेळी बदलत होत्या, म्हणजे अंदाज बांधून काही उपयोग होणार नव्हता. संध्याकाळी त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर तिच्या प्रत्येक सुरुवातीचा एक ठिपका होता. बहुतेक ठिपके रेषेच्या बाहेर होते. पण थोडे ठिपके किंचित आत पडले होते.

"म्हणजे त्या दिवशी मी खरंच ऐकलं होतं?" उर्वीने विचारलं.

"कदाचित," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्यावरून सांगता येत नाही. आणि ती शर्यत आता परत आणता येणार नाही, बाळ. पण अशी पुष्कळ मुलं तपासली आणि पुष्कळांचे ठिपके आत पडले, तर रेषा बदलायला लावता येईल."

उर्वीला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठल्यातरी मैदानावर, अजून जन्मालाही न आलेली एखादी मुलगी छान सुरुवात करील आणि तिच्यामागे लाल दिवा लागणार नाही. ती मुलगी कोण, ते उर्वीला कधीच कळणार नव्हतं.

तिने डोळे पुसले. आमच्या शाळेत धावणाऱ्या आणखी बऱ्याच मुली आहेत, त्यांना घेऊन येऊ का, असं तिने डॉक्टरांना विचारलं. मग बाहेर येऊन तिने सगळ्यात आधी रुखसारला फोन लावला.