हात न टेकता उठणारा डॉक्टर

वेदनाविनिमय यंत्राला दोन खुर्च्या होत्या, दोन्ही जमिनीत ठोकलेल्या. एकीत रुग्ण बसे, दुसरीत डॉक्टर. ओवी कासारने काचेतून दोन्ही नीट पाहून घेतल्या. तिला दोन्हींचा संशय आला.

"साठ सेकंद अदलाबदल," तिचे वकील गुंजाळ म्हणाले. वकिलीच्या आधी ते याच यंत्राचे अभियंता होते. ती नोकरी का सोडली हे सांगत नसत, त्यामुळे ओवीचा त्यांच्यावरही थोडा संशय होताच. "तुमच्या पाठीचे संदेश डॉक्टरांच्या मेंदूत, त्यांच्या पाठीचे तुमच्या. डॉक्टरांना जेवढा फरक जाणवेल तेवढा आकडा. दहापैकी सातच्या वर गेला की कायमचं अपंगत्व मंजूर."

"माझा दोनदा शून्य आला."

"येणारच. विमा कंपनीच्या यादीत अकरा डॉक्टर आहेत आणि अकराच्या अकरा कमरेला पट्टा लावतात. त्यांना तुमचं दुखणं आलं काय, स्वतःचं राहिलं काय, फरक शून्य!"

सहा वर्षांपूर्वी ओवी कामावर असताना पवनचक्कीच्या शिडीवरून पडली होती. क्ष-किरणात काही दिसत नव्हतं. दुखत मात्र होतं. तिसऱ्या आणि शेवटच्या खेपेला डॉक्टर अर्जदाराने निवडायचा, असा नियम होता. हा दावा बाद झाला तर सोमवारी पुन्हा ऐंशी मीटरची शिडी.

मग तिने तीन आठवडे गावातले डॉक्टर तपासले. एक जण जिना कठडा धरून तिरका उतरत होता. दुसरा शिंकण्याआधी भिंत धरत होता. शेवटी डॉक्टरांच्या संघटनेचं स्नेहभोजन आलं, जमिनीवरच्या पंगतीचं. ओवी गुंजाळांबरोबर लांब खुर्चीत बसून कोण कसं उठतं ते पाहत राहिली. कुणी गुडघ्यावर हात टेकला, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर. एक जण उठलाच नाही. त्याला अजून जिलबी हवी असावी, असं समजून वाढपी वाढतच राहिले.

डॉक्टर खोत मात्र दोन्ही हातांत मठ्ठ्याच्या भरलेल्या वाट्या घेऊन सरळ उठले. थेंब सांडला नाही.

"डॉक्टर, कुठे दुखतं का हो तुम्हाला?" ओवीने विचारलं.

"नाही ताई."

"लहानपणी?"

"नाही."

"लग्न झाल्यावर?"

"व्हायचंय."

"हाच," गुंजाळ कुजबुजले.

तपासणीच्या दिवशी कोपऱ्यात कंपनीच्या निरीक्षक मिराशीबाई वही घेऊन बसल्या होत्या.

"या काय लिहितात?" ओवीने दारातच विचारलं.

"त्या मिनिटात तुम्ही काय करता ते. दहा किलोच्या वर काही उचललंत तर दावा बाद."

"इथे उचलायला आहे काय?"

"तेच म्हणतो मी," गुंजाळ म्हणाले आणि काचेपलीकडे जाऊन उभे राहिले.

कळ दाबली गेली.

"आई गं," म्हणत डॉक्टर खोत खुर्चीतून घसरले आणि जमिनीवर अंगाचं मुटकुळं करून कण्हू लागले. यंत्राचा काटा सातवर, आठवर, नऊवर गेला. डॉक्टर लहान मुलासारखे रडत होते.

ओवीला मात्र काहीच होत नव्हतं. तिच्या वाट्याला आली होती खोतांची पाठ, हात न टेकता उठणारी. आपल्याला पाठ आहे हे सहा वर्षांत पहिल्यांदाच ती विसरली. आणि हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. कुठे आधार दिला की कळ कमी होते, हे जगात तिच्या एकटीलाच माहीत होतं.

ती उठली. वाकली. डॉक्टरांच्या काखेत हात घालून तिने त्यांना अलगद उचललं आणि खुर्चीत ठेवलं.

"असे तिरके बसा. श्वास सोडा. झालं, झालं."

काचेपलीकडे गुंजाळ दोन्ही हात हलवत होते.

साठावा सेकंद संपला. ओवी उभ्या जागी कोसळली. खोत डोळे पुसत ताडकन उठले. "नऊ पूर्णांक चार," ते म्हणाले. "ताई, सहा वर्षं तुम्ही हे…" आणि त्यांनी सही केली.

"बाई, आता बघा ना माझ्याकडे!" ओवी जमिनीवरून म्हणाली.

"मिनिट संपलं," मिराशीबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला, वहीतली शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि रिकाम्या जागेवर पेन टेकवलं.

"डॉक्टर, तुमचं वजन किती?"