साठाची छप्पन्न कशी झाली?

"चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न! झाली फेरी!" वकील कठड्यावरून ओरडला. "भिंगरी, हरलीस तू! आज रात्रीची भांडी तुझ्याकडे!"

"काहीतरीच काय! मावशीला एका फेरीत साठ पेडलं लागतात. गेल्या रविवारी तिघांनी मिळून मोजलीत आपण!"

"रविवारी साठ, आज छप्पन्न. पुरावा समोर आहे!"

वकील म्हणजे भिंगरीचा मामेभाऊ. वय तेरा, पण वाद घालण्यात भल्याभल्यांना गप्प करणारा, म्हणून हे नाव. भिंगरी त्याच्याहून वर्षाने लहान. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. तिची नऊ वर्षांची बहीण शंका. ती काय करायची, हे वेगळं सांगायला नकोच! तिघंही सुट्टीत मावशीकडे आली होती, आणि मावशी म्हणजे त्यांच्या लेखी जगातलं आठवं आश्चर्य होती. दिवसभर दवाखान्यात परिचारिकेचं काम करायचं आणि त्याआधी पहाटे पाचला उठून या चारशे मीटरच्या सिमेंटच्या ट्रॅकवर सायकल पळवायची. एक-दोन नाही, तब्बल अकरा वर्षं!

आज संध्याकाळी पाचला अंतिम शर्यत होती. पहिल्या दोघी निवड संघात जाणार होत्या. मावशी आजवर तीनदा तिसरी आली होती. यंदा ती एकोणचाळीस वर्षांची होती, आणि चाळिशीनंतर या संघात घेत नसत. म्हणजे आज नाही तर कधीच नाही!

मावशी सायकलवरून उतरली ती धापा टाकतच. प्रशिक्षक सरांनी तिच्यासमोर घड्याळ धरलं. ते पाहून तिचा चेहरा पडला.

"चार दिवस हेच चाललंय, सर. पायांत काही उरलं नाही. गेल्या महिन्यातल्या तापाने पार पिळून काढलं मला. बारा वाजायच्या आत माझं नाव काढून टाका, दुसऱ्या कुणाला तरी संधी मिळेल."

सरांनी घड्याळ खिशात टाकलं. भिंगरी कठड्यावरून पुढे झुकली. मावशी आणि माघार? छे! हे काही खरं नव्हे!

तेवढ्यात शंकेने तिची बाही ओढली. "ताई, माणूस थकला की पेडलं कमी लागतात का?"

"म्हणजे?"

"तूच सांगितलंस ना, या सायकलला ब्रेक नसतो, गिअर बदलत नाही आणि पेडल थांबवताही येत नाही. चाक फिरलं की पेडल फिरतंच. मग थकली तर मावशी हळू जाईल. पण पेडलं कशी कमी होतील?"

भिंगरी जागच्या जागी थबकली. वकिलाने कठड्यावरून खाली उडी मारली.

"अगं, खरंच की!" तो म्हणाला. "फेरी तेवढीच, चाक तेवढंच. पेडलं कमी झाली म्हणजे गिअरच जड झालाय! आत्या दमलेली नाहीच! तिला कुणीतरी जास्त ओझं ओढायला लावलंय!"

"चला!" म्हणत भिंगरी पळत सुटलीसुद्धा.

ट्रॅकमागच्या दुरुस्तीच्या खोलीत ग्रीसचा आणि ताज्या रंगाचा वास भरला होता. मिस्त्रीकाका एका चाकाच्या तारा ताणत बसले होते. क्लबची पद्धतच होती, की अंतिम शर्यतीच्या आठवड्यात सगळ्यांची झिजलेली मागची दातेरी चक्रं काढायची आणि तेवढ्याच दात्यांची नवी चढवायची. मंगळवारी मावशीचं चक्र बदललं होतं.

"काका, मावशीच्या मागच्या चक्राला दाते किती?"

"पंधरा."

"मोजलेत?"

मिस्त्रीकाकांना हसू आवरेना. "अगं पोरी, तीस वर्षं झाली या खोलीत! ती भिंतीवरची फळी बघ. प्रत्येक खिळ्याखाली आकडा आहे. पंधराच्या खिळ्यावरचं काढलं की ते पंधराच. डोळे मिटून काढतो मी!"

"यावेळीही डोळे मिटूनच काढलंत वाटतं," वकील पुटपुटला. भिंगरीने त्याला कोपराने ढोसलं.

मावशीची सायकल दाराशीच उभी होती. भिंगरीने खडूने एका दात्यावर खूण केली आणि बोट ठेवत मोजू लागली. बारा, तेरा, चौदा... आणि पुढे पुन्हा खडूची खूण!

"चौदा!" तिघं एकदम किंचाळली.

"शक्यच नाही!" म्हणत काका चष्मा पुसत आले. त्यांनी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. चौदाच!

मग तिघांनी फळीवरची चक्रंच मोजायला घेतली. प्रत्येक खिळ्यावर तीन-चार चक्रं होती. चौदाच्या खिळ्यावर तेराची, पंधराच्या खिळ्यावर चौदाची, सोळाच्या खिळ्यावर पंधराची! आणि तेराच्या खिळ्यावर? तिथे एक ऐटबाज टोपी लटकत होती.

"ही टोपी कुणाची?" शंकेने विचारलं.

"माझी!" दारातून आवाज आला. क्लबचे सचिव हातात कागद घेऊन उभे होते. "काय, आवडला का रंग? मिस्त्री रजेवर होते ना सोमवारी, म्हटलं आपणच फळी रंगवून टाकू! आकडेसुद्धा मीच काढले."

"आणि चक्रं परत कुणी लावली?" भिंगरीने विचारलं.

"मीच! लहानापासून मोठ्यापर्यंत, अगदी ओळीने. पहिल्या खिळ्याचा रंग ओला होता, म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात केली. शेवटची चार जादा झाली, ती माझ्या टेबलावर आहेत. कागद उडू नयेत म्हणून झकास उपयोग होतो!"

मिस्त्रीकाकांनी कपाळाला हात लावला. "साहेब, अहो, मागे दाते कमी तेवढी सायकल जड! चार दिवसांत सगळ्या मुलींना मी एक-एक दाता कमी दिला की हो!"

सचिवांचा चेहरा पांढराफटक पडला. पोरांना आता उलगडलं. चार दिवस मावशीबरोबर शर्यतीत उतरणाऱ्या दंतवैद्यबाई गुडघ्यांना दोष देत होत्या, पोहण्याच्या शिक्षिका वाऱ्याला, तर कॉलेजातली मुलगी अपुऱ्या झोपेला! मागचं चक्र कुणीच मोजलं नव्हतं.

अकरा वाजले होते. मावशी आणि सर धावतच आले. भिंगरीने एका दमात सगळं सांगितलं. मावशी ऐकत होती आणि हळूहळू तिचे डोळे मोठे होत होते.

वकील तिच्या कानाशी लागला. "आत्या, कुणाला सांगू नकोस! तुझं तेवढं नीट करून घे. बाकीच्यांना ओढू दे की जड!"

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. "आणि मग मी जिंकले तर कुणाला हरवलं म्हणून सांगू रे?"

तिने सरळ जाऊन मैदानावरची घंटा बडवली. सगळ्या जणी जमल्यावर तिने खणखणीत आवाजात चूक सांगितली. दंतवैद्यबाईंना सांगितलं, जिची सगळ्यात जास्त धास्ती होती त्या कॉलेजातल्या मुलीलाही सांगितलं. वकील कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. भिंगरीला मात्र वाटलं, आपली मावशी ती हीच!

"आता तुझं काय?" सरांनी मावशीला विचारलं. "पुढच्या, पेडलाच्या चक्राला अठ्ठेचाळीस दाते, मागे पंधरा, नेहमीचंच?"

"चार दिवस जड ओढून पायांना त्याची सवय झालीय, सर. जुनं आता हलकं पडेल, शेवटच्या सरळ पट्ट्यात पाय नुसते गरगरतील. आणि चौदाने सुटताना मागे राहते. मधलं काही निघतं का?"

भिंगरी केव्हाच जमिनीवर खडूने गणितं करत होती. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा घेर, दोन मीटर दहा सेंटीमीटर. पंधराने एका पेडलात सहा मीटर बहात्तर, चौदाने सात मीटर वीस.

"पुढे पन्नास लावलं तर?" ती म्हणाली. "पन्नास आणि पंधरा... बरोब्बर सात मीटर!"

सर वाकून ते आकडे पाहत राहिले. "वा! हे ठरवायला मी आठवडा घालवला असता!"

"तिचं गणित चुकलं तर?" शंकेने विचारलं. भिंगरीने आकडे पुन्हा एकदा पडताळले.

"पाय माझे आहेत," मावशी म्हणाली. "चढवा पन्नास!"

या वेळी मिस्त्रीकाकांनी प्रत्येक चक्र दोनदा मोजून चढवलं, आणि सचिवांनी टोपी खिशात कोंबून मुकाट्याने पाने पुरवले.

पाच वाजता शिट्टी झाली. आठ जणी, दहा फेऱ्या! मावशी सुटली ती मागे पडलीच नाही. सहा फेऱ्या ती चौथी होती. आठव्या फेरीत कॉलेजातल्या मुलीने मुसंडी मारली, तिच्यापाठोपाठ दंतवैद्यबाई निघाल्या. मावशी जागची हलेना!

"आत्या, निघ ना गं!" वकील बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

शेवटच्या वळणावर मावशी बाहेरच्या बाजूने वर आली. पाय एका लयीत फिरत होते, ना गरगरत होते, ना अडखळत होते. पोहण्याच्या शिक्षिका मागे पडल्या. मग ती कॉलेजातली मुलगी, जेमतेम अर्ध्या चाकाने! दंतवैद्यबाई पहिल्या आल्या आणि मावशी दुसरी!

"संघात! मावशी संघात!" शंका उड्या मारत सुटली. पहिल्यांदाच तिला कसलीही शंका नव्हती.

दंतवैद्यबाई आधी मावशीच्या गळ्यात पडल्या. मग पोरांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही नसतात तर आम्ही सगळ्याच आपापल्या गुडघ्यांवर इलाज करत बसलो असतो!" मिस्त्रीकाकांनी तिघांशी हात मिळवला आणि तिघांचे हात काळे केले. सरांनी तर भिंगरीला चक्क सलाम ठोकला.

मावशी मात्र गवतावर बसून आपल्या पोटऱ्या चोळत होती. भिंगरी जवळ जाऊन बसली, तेव्हा तिला दिसलं की मावशी रडतेय.

"काय झालं गं? जिंकलीस ना?"

"चार दिवस मी या पायांना नाही नाही ते बोलले गं," डोळे पुसत मावशी म्हणाली. "आणि ते बिचारे तापातून उठून, कधी नव्हे इतकं जड ओढत होते."