बुधवारचा थांबा

"अहो, जरा हळू टकटकवा ना! तुमच्यामुळे माझा आकडा चुकला."

बसथांब्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेला एक टायवाला मला म्हणाला. त्याच्या हातात माझ्यासारखंच मोजणीयंत्र... दिसलं की बटण दाबायचं. मला हसूच आलं. सकाळी साडेसातला, बसथांब्यावर, टाय!

"मी माणसं मोजतेय," मी ठसक्यात म्हटलं. "तुम्ही?"

"गाड्या." तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे, आपण शत्रू."

होतोच. समोर मॉल उभा राहत होता आणि त्याच्या फाटकासाठी आमचा थांबा हटवायचा घाट घातला होता. मॉलवाल्यांच्या वतीनं पालिकेच्या वाहतूक समितीला पटवणं ही त्याची नोकरी. थांबा वाचवायला वस्ती गोळा करणं हा माझा बिनपगारी उद्योग. थांबा गेला तर माझ्या आत्याला मोठ्या दवाखान्याची बस पकडायला पार पुलापर्यंत चालावं लागणार होतं, आणि तिचे गुडघे तर केव्हाच संपावर गेलेले.

तरी आम्ही रोज शेजारीच बसायचो. बस आली की तो आत्याचा हात धरून तिला वर चढवायचा आणि मागे वळून म्हणायचा, "ही एक मोजलीत ना? नंतर म्हणाल, टायवाल्यानं पळवली."

"तुमचा काही नेम नाही," मी म्हणायची. आणि दिवसभर आपली हसत बसायची. खुळी!

एकदा थांबा अगदी ओस होता. वारा सुटला होता, माझे कागद सारखे उडत होते, आणि ते धरायला त्यानं हात ठेवला... तो नेमका माझ्या हातावर.

"आज कुणीच कसं नाही?" त्यानं हळूच विचारलं.

"बुधवारी दवाखाना बंद असतो. दर बुधवारी असंच." आणि मग, लाडात येऊन, "बुधवारी आपण दोघंच."

त्यानं कागद तसेच दाबून धरले. हातही काढला नाही.

महिन्याभरानं समितीची नोटीस आली. थांब्यावरची अधिकृत मोजणी एकाच दिवशी होणार, हरकत असल्यास आठ दिवसांत कळवा. मी तारीख वाचली, वहीत उतरवली. वार पाहिलाच नाही! वस्तीतल्या प्रत्येकाला 'नोटीस नीट वाचा' म्हणून दटावणारी मी, त्या आठवड्यात माझं डोकं ठिकाणावर होतंच कुठे?

त्या बुधवारी तो आला नाही. पालिकेचे दोघे आले. संध्याकाळपर्यंत त्यांनी अकरा माणसं मोजली.

थांबा उखडला, त्यानंतर तो आला. टाय नव्हता. बाकाच्या जागी चार भोकं उरली होती, त्यांच्या अलीकडे उभा राहिला.

"तो वार मीच सुचवला होता."

"कळलं होतं मला."

"हरकतीची मुदत संपेपर्यंत रोज वाटायचं, सांगून टाकावं. रोज इथवर यायचो आणि..." त्यानं पायानं एका भोकात माती सारली. "प्रेम आहे माझं तुझ्यावर."

"माझंही आहे. हीच तर पंचाईत झालीये."

"मग? नोकरी सोडली मी तर?"

"थांबा परत येईल?"

मला त्याचा हात धरावासा वाटला, फार वाटला. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि निघाले.

आता आत्याला घेऊन पुलापर्यंत चालते. वाटेत ती तीनदा टेकते. काल दुसऱ्यांदा टेकली तेव्हा गुडघा चोळत म्हणाली, "तो टायवाला दिसत नाही गं हल्ली. किती जपून चढवायचा मला! भांडलीस की काय त्याच्याशी?"

"नाही गं आत्या."

"मग बोलाव की त्याला. तुझ्याकडे बघायचा तेव्हा गाड्या मोजायच्या राहून जायच्या त्याच्या. मी बघितलंय."

माझेही आकडे चुकायचे, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? मी तिच्या काखेत हात घातला.

"चल आत्या," मी म्हटलं, "बस चुकेल."