टेबलावरची पिन

"हूबर्टचं तोंड पुन्हा बघणार नाही मी! तीस वर्षं एका टेबलाशी बसून गाणी लिहिली, आणि मेला चोर निघाला!"

ओडेल हॅचर खुर्चीत टेकायच्या आतच बरसली. नॅशव्हिलमध्ये चाळीस वर्षं कंट्री गाणी लिहिणारी बाई. तिची गाणी गाऊन गायकांनी बंगले बांधले; तिला कुत्रं विचारत नाही. आता तर तिचं नवं गाणं कुणीतरी खोट्या नावानं रेकॉर्ड कंपनीला पाठवलं होतं.

"कागदावर उतरवलं होतंत?" डिटेक्टिव्ह लोरीन टॅकेटनं विचारलं.

"छे! फोनमध्ये गाऊन ठेवलं आणि फोन टेबलावर विसरले. खोलीत दोघंच. हूबर्ट, आणि बॉस्टनहून गाणी लिहायला आलेला तो प्रेस्टन. हा घ्या कंपनीला आलेला कागद. वाचा, माझा चष्मा घरी राहिला."

लोरीननं वाचलं, "आईची पिन राहिली टेबलावर, निळा डाग उरला बाबांच्या खिशावर..."

"माझंच! शब्द न् शब्द!"

लोरीनचा जोडीदार अ‍ॅन्सेल महिन्यापूर्वीच शिकागोहून आला होता. तो टाइप केलेल्या कागदाकडे बघत राहिला. पिनेचा निळा डाग? गाण्यात चालत असेल, म्हणून त्यानं कागद फाइलला लावला.

हूबर्ट आला तो फुरंगटूनच. जन्म इथलाच. "चोर म्हणाली ना? म्हणू दे. तिच्या दारात नाक घासायला मी जाणार नाही."

"चोरलं नाही, एवढंच लिहून द्या," लोरीन म्हणाली.

"पिन दे रे," तो अ‍ॅन्सेलला म्हणाला.

अ‍ॅन्सेलनं सेफ्टी पिन पुढे केली.

"ही? बोट टोचून रक्तानं लिहू काय?"

लोरीननं हसून आपलं पेन दिलं. अ‍ॅन्सेल आणखीच गोंधळला.

प्रेस्टन कपाळाला आठ्या घालून बसला. "गाणं मी ऐकलेलंच नाही. आणि बाई, जरा सावकाश. तुम्हा लोकांचं निम्मं बोलणं मला कळत नाही."

दुपारी लोरीननं तिघांना समोरासमोर बसवलं.

"ओडेलबाई, टेबलावर काय राहिलं होतं?"

"पिन! कितीदा सांगू? आईनं सोडचिठ्ठीवर जिनं सही केली, ती! मग बाबांनी खिशात घातली आणि गळली."

अ‍ॅन्सेलनं कागद पुन्हा उचलला. "सही? पिनेनं?"

"आम्ही टेनेसीवाले पेनलाही पिनच म्हणतो, लिहितो मात्र 'पेन'," लोरीन म्हणाली. "मी वाचलं तेव्हा बाईंना काही खटकलं नाही. हूबर्टनं चोरलं असतं, तर कागदावर 'पेन' आलं असतं. फोन ऐकून टाचणीची 'पिन' टाइप करणारा माणूस बाहेरचाच. अ‍ॅन्सेल त्या खोलीत नव्हता. मग उरलं कोण?"

"पण निळा डाग... मला वाटलं, काव्य असेल..." प्रेस्टननं जीभ चावली. उशीर झाला होता.

"आमच्या बोलण्याला हसायचं आणि आमच्याच आईचं दुःख विकायचं! नीघ!" ओडेल कडाडली.

प्रेस्टनमागोमाग हूबर्टही उठला.

"तू थांब. दुसरं कडवं लंगडतंय."

"माफीची गाणी शंभर लिहिलीस. एकदा तोंडानं म्हण."

ओडेल पुटपुटली.

"ऐकू आलं नाही."

"चुकलं म्हणते ना, बहिऱ्या!"

हूबर्ट बसला. "हं. गा आता."