चौथा नट

पडेगावच्या मुबारक मिस्त्रीचं सांगतो, पोरांनो. माझ्या रोजच्या उठबशीतला माणूस. पटलं तर घ्या.

गेल्या पौषातली अमावास्या, बुधवार. दिवेलागणीला पुंडलिकनगरचा बद्रीनाथ मोटारसायकल घेऊन त्याच्या गॅरेजवर आला. हौसेला मोल नाही. गाडी चेनची नव्हे, शाफ्टची; मागचं चाक लोखंडी दांड्यानं फिरणारी. मागच्या गिअरपेटीतून घरघर येत होती. सकाळी बायकोला पाचोडला न्यायचंय, रात्रीत करून ठेवा म्हणाला. मुबारकची बायको जाहेदा वारली, तिचा चाळिसावाही झाला नव्हता, पण तिच्याविना घर खायला उठायचं. मुबारकनं गाडी ठेवून घेतली.

ती पेटी बसवणं दोघांचं काम. एकानं पेटी पुढं रेटायची, दुसऱ्यानं तिची चाकाकडची बाजू हळूहळू फिरवायची. दातात दात गेला की आत सरकते. फिरवायला जाहेदा असायची. मग तो नट आवळायचा आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर ती आपल्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. चार ठिपके झाल्याशिवाय गाडी बाहेर नाही, हा तिचा कायदा. लोक हसायचे, पण गाड्या तिथंच आणायचे.

त्या रात्री मुबारकनं सील बदललं, दातांना ग्रीस लावलं, पेटी रेटली. जाईना. पुन्हा रेटली. डोळे भरल्यानं दिसतही नव्हतं. शेवटी पेटीला कपाळ टेकून म्हणाला, "जाहेदा... जरा घुमा ना."

लाइट गेली.

रस्त्यावर गाडी नाही. कुत्रं नाही...

पलीकडून... पेटी फिरली.

हळूच. दात बसला.

मुबारकनं वर पाहिलं नाही. पाहिलं, की ती जाईल...

चाचपत नट आवळले आणि तिथंच भिंतीला टेकून, लई दिवसांनी, झोपला.

सकाळी चाक चढवायला वाकला. तीन नटांवर लाल ठिपके. ओले. बाटली तर जाहेदाच्या सामानाबरोबर कधीच माहेरी गेलेली.

चौथा कोरा.

बोट लावलं. नट फिरला... ढिला राहिला होता.

बद्रीनाथ बायकोला घेऊन आलाच होता. दोघं समोरच्या टपरीवर चहा घेत होते. मुबारकनं चौथा नट आवळला. मग गाडीकडं मुद्दाम पाठ केली, आणि तसाच उभा राहिला.

चहा संपवून दोघं आले, तरी तो वळेना. बद्रीनाथची बायकोच वाकून बघत म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, हे चारी नटांला लाल काय लावलंय?"